अडवून ठेवलेला पडाव

मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळीं जाऊन बसण्याची मला फार दिवसांची संवय आहे. दिवसभर खोलीचें दार लावून संगणकापुढें बसणाऱ्या माणसाला सूर्यास्त ही एकच गोष्ट अशी उरते, कीं जी त्याच्या मदतीवांचून आणि त्याच्या चुकांवांचून वेळच्या वेळीं पार पडते. म्हणून ती पाहावयास मी जातों. उजव्या हाताला रत्नदुर्गाची टेकडी समुद्रांत शिरलेली असते, डाव्या बाजूला काळ्या वाळूचा किनारा राजिवड्याकडे वळत गेलेला असतो, आणि धक्क्याच्या कठड्यावर माझ्यासारखींच दहापांच माणसें भेळीचे कागद हातांत धरून बसलेलीं असतात. त्यांतलें कोणी तरी हटकून विचारतें, "काय, सध्यां काय चाललें आहे?" आणि माझी पंचाईत होते.

वकिलानें, डॉक्टरानें किंवा आंब्याच्या बागाइतदारानें आपला धंदा एका शब्दांत सांगावा आणि ऐकणारानें मान डोलवावी, तसें माझें नाहीं. दूरच्या कंपन्यांसाठीं मी घरबसल्या प्रोग्राम लिहितों, इथपर्यंत लोकांना समजतें. परंतु एका यंत्राचें दुसऱ्या यंत्राशीं चाललेलें बोलणें अडूं नये, तुटूं नये आणि त्यांत फुकट वेळ जाऊं नये, हें पाहणें माझें काम आहे, असें मी सांगूं लागलों, कीं ऐकणारा हळूच आंब्याच्या मोहोराकडे वळतो. मी त्याला दोष देत नाहीं. माझ्या धंद्यांतलें कौशल्य साधलें तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं आणि फसलें तर साऱ्यांच्या शिव्या खावयास लावतें. तरी आज मीं त्याच विषयावर लिहावयाचें ठरविलें आहे. कारण या विषयांतल्या माझ्या एका चुकीनें चार वर्षांपूर्वीं माझ्याच थोरल्या काकांची गणपतीची पूजा चुकविली.

चूक सांगण्यापूर्वीं थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. तें कठीण नाहीं. तुम्ही मोबाइलवर एखाद्या गाडीचें तिकीट मागतां तेव्हां तुमचें मागणें प्रथम कंपनीच्या एका संगणकाकडे जातें. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला खिडकीवरचा कारकून समजूं. कोणती जागा रिकामी आहे हें या कारकुनाला स्वतःला ठाऊक नसतें. तें सारें आंतल्या खोलींतल्या एका मोठ्या वहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, लिहिलेलें असतें. शिवाय पैसे पोंचले कीं नाहींत, हें विचारावयास त्याला तिसऱ्याच एका कंपनीच्या संगणकाकडे निरोप धाडावा लागतो. म्हणजे एका तिकिटासाठीं तीनचार यंत्रांना आपसांत बोलावें लागतें. आणि प्रत्येक बोलण्याच्या आधीं दोघांमध्यें एक वाट जुळवावी लागते. तिला आम्ही 'कनेक्शन' म्हणतों. येथें मी जोडणी म्हणेन.

जोडणी म्हटलें म्हणजे मध्यें ताणलेली एखादी तार डोळ्यांपुढें येते. पण तसें कांहीं नसतें. दोन्ही टोकांनीं एकमेकांविषयीं राखलेली आठवण, एवढेंच तिचें स्वरूप. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं 1974 सालीं जी पद्धत मांडली आणि 1981 सालीं जिचे नियम पक्के झाले, त्याच पद्धतीनें आजहि असल्या बहुतेक जोडण्या जुळतात. तिचा रिवाज मोठा सभ्य आहे. पहिलें यंत्र विचारतें, "बोलूं का?" दुसरें म्हणतें, "बोला. माझेंहि ऐकाल ना?" पहिलें म्हणतें, "ऐकतों." हे तीन निरोप झाल्यावांचून कामाचा एक शब्दहि निघत नाहीं. बोलणें गुप्त ठेवावयाचें असेल, आणि पैशाच्या व्यवहारांत तें ठेवावेंच लागतें, तर त्यानंतर कुलुपाकिल्ल्यांची देवघेव होते. 2018 सालीं ठरलेल्या नव्या रीतीप्रमाणें या देवघेवीला निरोपाची एक फेरी पुरते. त्यापूर्वींच्या रीतीला दोन लागत.

एक फेरी म्हणजे किती वेळ, असें कोणी विचारील. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें 2,00,000 किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेंत सुमारें 12,500 किलोमीटर आहे. म्हणजे वाटेंत कोठेंहि न थांबतां जाऊन परत येण्यास निरोपाला सेकंदाचा आठवा भाग लागणारच. प्रकाशाहून अधिक घाई करणें कोणत्याहि कंपनीच्या हातचें नाहीं. जुन्या रीतीनें एक फेरी ओळखीची आणि दोन फेऱ्या किल्ल्यांच्या अशा तीन फेऱ्या झाल्या, कीं 375 मिलिसेकंद गेले, आणि अद्यापि तुम्हीं आपलें काम काय तें सांगितलेलेंच नाहीं! दोन्ही यंत्रें एकाच इमारतींत असलीं तर हा वेळ अगदीं थोडा असतो, हें खरें. परंतु ओळख करून घेण्याचे आणि किल्ल्या घडविण्याचे श्रम तेथेंहि चुकत नाहींत.

वेबच्या पहिल्या दिवसांत या श्रमांकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. 1996 सालीं जे नियम छापून निघाले त्यांत साधारण रीत अशी होती, कीं एक मागणें, एक जोडणी. उत्तर मिळालें कीं जोडणी मोडावयाची. पानावर दहा चित्रें असलीं, तर दहा वेळां "बोलूं का?" आणि दहा वेळां "येतों." पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1997 सालीं, नियम उलटा झाला: कोणी मुद्दाम मोड म्हणून सांगत नाहीं तोंपर्यंत जुळलेली जोडणी उघडी ठेवावी. 2015 सालच्या नियमांनीं तर एकाच जोडणीवरून अनेक बोलणीं एकमेकांत न गुंततां चालविण्याची सोय केली. या साऱ्या सुधारणेचा मथितार्थ एवढाच, कीं कष्टानें जुळविलेली वाट लगेच मोडूं नये.

याच्या पुढची पायरी म्हणजे जोडण्यांचा ताफा. कारकून सकाळींच आंतल्या वहीकडे जाणाऱ्या दहावीस जोडण्या जुळवून ठेवतो. ज्या मागण्याला लागेल त्यानें त्यांतली एक उचलावी, काम करावें आणि ती जागच्या जागीं परत ठेवावी. इंग्रजींत या ताफ्याला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'पूल' असा होतो. मराठी माणसाला तो ऐकून भाट्याचा पूल आठवला तर नवल नाहीं. मला मात्र तो शब्द आला कीं मांडवीचे पडाव दिसूं लागतात.

दिसूं लागतात हें म्हणणेंहि तितकेंसें खरें नाहीं, कारण ते मीं पाहिलेले नाहींत. ते पाहिले माझ्या थोरल्या काकांनीं. त्यांच्या लहानपणीं मुंबईचा रस्ता समुद्रावरून होता. कोंकण रेल्वे 1998 सालीं पुरी झाली. त्यापूर्वींच्या कित्येक पिढ्या आगबोटीनें गेल्या आणि आगबोटीनें आल्या. मुंबईहून निघालेली बोट एकेक बंदर घेत खालीं उतरे. ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यांत नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना व त्यांच्या वळकट्यांना किनाऱ्यावर आणावयास धक्क्यावरून पडाव सुटत. पावसाळ्यांत तर हा मार्गच बंद असे. काका सांगतात, कीं उतारू शेंकड्यांनीं मोजावे लागत, पण पडाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. तेवढ्यांवर सारें निभे. कारण पडाव भरला कीं निघे, धक्क्याला लागला कीं रिकामा होई, आणि रिकामा झाला कीं परत फिरे. प्रत्येक उतारूसाठीं नवा पडाव बांधावा आणि उतरल्यावर तो मोडून टाकावा, असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. वेबनें 1996 सालीं जें केलें तें याहून फारसें निराळें नव्हतें!

पण पडाव मोडावयाचा नाहीं, हें शहाणपण अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें मला ठेंच लागून समजलें.

एका खाजगी प्रवासी कंपनीच्या आरक्षणाचा प्रोग्राम मीं लिहिला होता. कंपनीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष तिचा नव्हता, माझा होता. प्रोग्रामांतील कामाचा क्रम मीं असा लावला होता: मागणें आलें, कीं ताफ्यांतून एक जोडणी उचलावी, वहींत ती जागा त्या गिऱ्हाइकाच्या नांवें अडवावी, मग पैशांच्या कंपनीकडे निरोप पाठवावा, तिचा होकार आला, कीं वहींत तिकीट पक्कें करावें, आणि मग जोडणी परत ठेवावी. दिसावयाला हा क्रम किती सरळ! एकच जागा दोघांना विकली जाण्याचें भय नाहीं. एका हातानें सुरू केलेलें काम त्याच हातानें पुरें होतें. वर्षभर तें चांगलें चाललें. पैशांचा होकार अर्ध्या सेकंदांत येत असे, आणि तेवढा वेळ जोडणी हातांत निष्कारण धरून ठेवल्याचें कोणाला कळलेंहि नाहीं. मलाहि नाहीं.

गणपतीच्या गाड्यांचें आरक्षण ज्या दिवशीं सुरू व्हावयाचें होतें, तो दिवस उजाडला. मुंबईच्या चाकरमान्याला गणपतीला घरीं जाणें ही हौस नसते, तें एक कर्तव्य असतें. आणि रेल्वेचीं तिकिटें हां हां म्हणतां संपत असल्यामुळें आमच्या खिडकीवर दहाच्या ठोक्याला झुंबड उडाली. पहिलीं पांच मिनिटें सारें ठीक होतें. मग पैशांच्या कंपनीचीं उत्तरें सावकाश येऊं लागलीं. अर्ध्या सेकंदाचे पांच सेकंद झाले. एवढ्यानें काय बिघडलें, असें कोणालाहि वाटेल. गिऱ्हाइकानें थोडें अधिक थांबावें, इतकेंच.

परंतु थांबण्याचेंहि एक गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग नांवाच्या डॅनिश गणितज्ञानें 1909 सालींच त्याचा पाया घातला. किती संभाषणांना किती तारा पुरतील, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुढें 1961 सालीं जॉन लिटल या अमेरिकन पंडितानें एक नियम सिद्ध केला. तो इतका साधा आहे, कीं त्याला सिद्धता लागावी याचेंच आश्चर्य वाटतें. एखाद्या ठिकाणीं एकावेळीं सरासरीनें किती जण असतील? दर सेकंदाला जितके येतात, त्याला प्रत्येक जण जितके सेकंद राहतो त्यानें गुणावें. बस्स, इतकेंच. आमच्याकडे त्या दिवशीं दर सेकंदाला सुमारें 100 मागण्या येत होत्या असें धरूं. प्रत्येकीनें जोडणी अर्धा सेकंद धरली, तर एकावेळीं 50 जोडण्या गुंततात. आमच्या ताफ्यांत 60 होत्या, निभलें. पण प्रत्येकीनें ती पांच सेकंद धरली, तर 500 जोडण्या हव्यात! गिऱ्हाइकें वाढलीं नव्हतीं, काम वाढलें नव्हतें. वाढला होता तो केवळ जोडणी हातांत धरून उगीच उभें राहण्याचा वेळ.

हें गणित मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण घाबरलेला माणूस गणित करीत नाहीं. ताफा अपुरा पडतो, तर ताफा वाढवावा, हें कोणाच्याहि मनांत प्रथम येतें. तेंच माझ्या मनांत आलें. मीं 60 च्या 400 जोडण्या केल्या. आमची वही पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत होती. त्याची रीत अशी, कीं प्रत्येक जोडणीमागें तो एक स्वतंत्र नोकर उभा करतो. त्याच्या मूळच्या मांडणींत ही मर्यादा 100 ची असते, आणि ती विचारपूर्वक घातलेली असते. एकाच वहीभोंवतीं 400 नोकर उभे राहिले आणि एकमेकांच्या पायांत येऊं लागले. जें काम डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होई, त्यालाहि सेकंद लागूं लागला. इकडे गिऱ्हाइकें कंटाळून पुन्हां पुन्हां बटण दाबीत होतीं. प्रत्येक दाबण्यासरशीं एक नवें मागणें येई; जुनें मात्र आंत तसेंच ताटकळत असे, कारण किती वेळ वाट पाहावी याची मुदतच मीं कोठें घातलेली नव्हती. त्यांतून माझ्या प्रोग्रामाला अपयश आलें कीं लागलीच आणखी दोनदां प्रयत्न करण्याची संवय मींच लावून ठेवलेली! म्हणजे आग लागलेल्या घरावर मी उत्साहानें सरपण टाकीत होतों. वीस मिनिटांत खिडकी बंद पडली.

त्या वीस मिनिटांत माझा मोबाइल तीन वेळां वाजला. काकांचा फोन होता. मीं तिन्ही वेळां तो कापला.

दुपारपर्यंत आम्हीं सारें कसेंबसें पुन्हां उभें केलें. पण तोंपर्यंत जागा ज्यांच्या नशिबांत होत्या त्यांना मिळून गेल्या होत्या. खरी दुरुस्ती मीं त्या रात्रीं केली, आणि ती करण्यास शंभर ओळीहि लागल्या नाहींत. पहिली गोष्ट क्रमाची. जोडणी घ्यावी, जागा दहा मिनिटांसाठीं राखून ठेवल्याची नोंद करावी, आणि जोडणी लागलीच परत ठेवावी. मग रिकाम्या हातांनीं पैशांच्या होकाराची वाट पाहत खुशाल उभें राहावें. होकार आला, कीं पुन्हां एक जोडणी घेऊन तिकीट पक्कें करावें. दहा मिनिटांत आला नाहीं, तर जागा आपोआप मोकळी होते. अशा रीतीनें एका तिकिटाला दोन वेळां मिळून 40 मिलिसेकंद जोडणी लागते. म्हणजे त्याच 100 मागण्यांना एकावेळीं सरासरी 4. दुसरी गोष्ट मुदतीची. कोणत्याहि वाट पाहण्याला शेवट असला पाहिजे: जोडणी जुळण्याची वाट, उत्तराची वाट, आणि ताफ्यांतून जोडणी हातीं येण्याचीहि वाट. दोन सेकंदांत जोडणी मिळाली नाहीं, तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावें, कीं या क्षणीं गर्दी आहे, थोड्या वेळानें या. तिसरी गोष्ट पुन्हां प्रयत्न करण्याची. तो लगेच करूं नये. एक सेकंद थांबावें, मग दोन, मग चार. आणि त्यांतहि प्रत्येकानें थोडें निरनिराळें थांबावें, नाहीं तर परतलेले सारे पुन्हां एकाच क्षणीं दारावर आदळतात. हें सारें करून झाल्यावर मीं ताफा 400 वरून 20 वर आणला. पुढच्या वर्षीं त्याच गर्दीला त्या 20 जोडण्या पुरून उरल्या.

प्रोग्राम दुरुस्त झाला. पण आमचा गणपती दीड दिवसाचा, आणि त्याची पूजा चाळीस वर्षें थोरल्या काकांनीं केलेली. ते डोंबिवलीस राहतात. त्या वर्षीं त्यांना आमच्या गाडीचें तिकीट मिळालें नाहीं, दुसरीकडेहि मिळालें नाहीं, शेवटीं एस. टी. च्या एका जादा गाडीनें ते आले, ते दुसऱ्या दिवशीं दुपारीं. पूजा वडिलांनीं केली होती. काकांनीं पिशवी पडवींत ठेवली, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि विचारलें, "निघायचें ना आतां?" मांडवीच्या वाळूवर विसर्जनाला ते आमच्याबरोबर आले; आरतीला त्यांचा आवाज नेहमींसारखाच सर्वांच्या वर होता. तिकिटाविषयीं ते एक अक्षर बोलले नाहींत. मीहि बोललों नाहीं.

त्यानंतर काकांचा मला फोन आला नाहीं. मला तें जाणवलेंहि नाहीं, कारण मीहि त्यांना केला नव्हता. माझ्या धंद्यांत अशा जोडणीला अर्धवट उघडी जोडणी म्हणतात. पलीकडचें यंत्र निरोप न घेतां बंद पडलें, तर अलीकडच्याला तें आपण होऊन कळत नाहीं. त्याच्या लेखीं जोडणी शाबूतच असते. शांतता आहे तिचा अर्थ सर्व ठीक आहे असा घ्यावा, कीं सर्व संपलें आहे असा घ्यावा, हें नुसत्या शांततेवरून ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं मधून मधून कोणी तरी "आहांत ना?" असें विचारावें लागतें. सर्व्हरांवर बहुधा असणाऱ्या लिनक्स प्रणालींत तशी सोय आहे. पण ती आपण मागून घ्यावी लागते, आणि मूळच्या मांडणीप्रमाणें ती पहिली चौकशी करते ती पुरे 7,200 सेकंद, म्हणजे दोन तास, शांततेंत गेल्यावर. दोन तास हा वेळ मला नेहमींच फार वाटत आला आहे, आणि मी तो प्रत्येक ठिकाणीं कमी करून ठेवतों. काकांच्या बाबतींत मात्र मीं आठ महिने जाऊं दिले.

पुढच्या मे महिन्यांत काका आंब्यांसाठीं आले. एके दिवशीं संध्याकाळीं ते माझ्याबरोबर धक्क्यावर येऊन बसले. मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या दूर दिसत होत्या. काय वाटलें कोण जाणे, मीं त्यांना सारें सांगून टाकलें: प्रोग्राम माझा होता, चूक माझी होती, जोडणी, ताफा, पैशांचा होकार, सारें. ते मधें एकदांहि न बोलतां ऐकत होते. मला वाटलें, यांना यांतलें कांहींच उमगलें नसावें. सांगणें संपल्यावर ते म्हणाले,

"म्हणजे पडाव शिडीशींच बांधून ठेवलास म्हणायचा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहूं लागलों.

"मी दहाअकरा वर्षांचा असेन," ते म्हणाले. "बोट समोर उभी होती. आमचा पडाव भरला होता, पण सुटेना. एका गृहस्थाची ट्रंक वर राहिली होती, ती शोधायला ते परत शिडी चढून गेले होते. आम्ही पडावांत हेलकावे खातों आहोंत, शिडीवर पुढचीं माणसें मुलेंबाळें घेऊन लोंबकळत आहेत, आणि इकडे धक्क्यावर जाणारे उतारू आरडाओरडा करीत आहेत. तांडेलानें थोडा वेळ पाहिलें आणि दोर सोडला. गृहस्थ वरून ओरडायला लागले, 'अरे, माझी जागा आहे त्यांत!' तांडेल म्हणाला, 'ट्रंक सांपडली कीं पुढच्यांतून या. पडाव तुमचा नव्हे, बंदराचा आहे.'"

मीं मान खालीं घातली. चार इंग्रजी पुस्तकें वाचून आणि एक आरक्षण बुडवून जें मला समजलें, तें या बंदरावरच्या एका निरक्षर तांडेलाला दोर हातांत असतांना समजत होतें. पडाव थोडे आहेत ही अडचण नव्हे. पडाव ज्याच्या हातीं आहे त्याला तो आपला वाटूं लागतो, ही अडचण. माझ्या प्रोग्रामांतलें प्रत्येक मागणें, आपलें काम पुरें होईपर्यंत जोडणी आपलीच, असें धरून चाललें होतें; आणि त्यांतलें एकहि दुष्ट नव्हतें.

"पण तिकिटाचें राहूं दे," काका थोड्या वेळानें म्हणाले. "तें काय, कधीं मिळतें, कधीं मिळत नाहीं. तूं फोन कां कापलास?"

"काका, त्या वेळीं कामांत इतका गुंतलों होतों, कीं—"

"गुंतला होतास हें मला काय ठाऊक? मीं आपला तिकडे तासभर फोन हातांत धरून बसलों. तूं करशील म्हणून. दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेलोंच नाहीं. तूं उचलून नुसतें 'आतां जमत नाहीं' एवढें म्हटलें असतेंस, तर मीं माझी वाट बघितली असती. त्या तांडेलानें निदान ओरडून सांगितलें तरी होतें, पुढच्या पडावानें या म्हणून."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं. सर्व्हरानें नकार द्यावयाचाच असेल तर तो ताबडतोब आणि स्पष्ट द्यावा. झुलवत ठेवलेल्या होकारापेक्षां वेळीं दिलेला नकार गिऱ्हाइकाला अधिक उपयोगी पडतो, कारण तें दुसरी वाट धरूं शकतें. हें मीं त्या रात्रीं प्रोग्रामांत लिहिलें होतें, दोन सेकंदांची मुदतहि घातली होती, आणि स्वतःवर खूष होऊन झोंपलों होतों. त्या रात्रीं मोबाइलवर काकांच्या नांवापुढें न घेतलेले तीन फोन तसेच दिसत होते. ते पाहूनहि मला कांहीं सुचलें नाहीं.

काका आतां दर रविवारीं सकाळीं फोन करतात. माझ्या हातांत काम असतें तेव्हां मी फोन उचलतों आणि "काका, अर्ध्या तासानें मी करतों" एवढें सांगून ठेवतों. आणि अर्ध्या तासानें करतों. बोलणें फारसें कांहीं नसतें. पाऊस कसा आहे, कोणाचें लग्न ठरलें, धक्क्यावर गर्दी होती का. एकदां मीं त्यांना विचारलें, "त्या गृहस्थाची ट्रंक सांपडली का हो?" ते म्हणाले, "सांपडली कीं. दुसऱ्या पडावानें आले ते. तांडेलाला दोन शिव्या देत उतरले आणि टांग्यांत बसून गेले."

गणपती आतां पुन्हां जवळ आले आहेत. काकांचें तिकीट या वर्षीं मीं काढलें नाहीं. त्यांनीं तें स्वतःच, आमच्याच खिडकीवरून, पहिल्या पांच मिनिटांत काढलें, आणि मला फोन करून सांगितलें. त्या वेळीं मी ताफ्याचे आंकडे पाहत बसलों होतों. वीसांतल्या सहा जोडण्या गुंतल्या होत्या. चौदा मोकळ्या होत्या.